मोगलाई, मांडणी आणि कायदा

१

२०२२ सालच्या अखेरीस महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्न पुन्हा तापला होता. त्याच दिवसांत नाशिक जिल्ह्याच्या सुरगाणा तालुक्यातील सीमेवरच्या काही गावांनी ‘आम्हाला गुजरातमध्ये घ्या’ अशी मागणी केली. कारणे साधी होती. रस्ता, पाणी, दवाखाना, शाळा. सीमेच्या पलीकडे या गोष्टी मिळतात, आमच्याकडे मिळत नाहीत, एवढेच त्यांचे म्हणणे होते. शहरात या बातमीवर जे बोलणे झाले ते दोन प्रकारचे. काहींना तो मराठीचा अपमान वाटला, काहींना कोणाचे तरी राजकारण. ही गावे मुळात महाराष्ट्रात आली कशी, हा प्रश्न मात्र माझ्या कानावर आला नाही. ती आपली आहेतच, असे आपण धरून चालतो.

मी नाशिकला द्वारका भागात राहतो. द्वारकेच्या चौकातून मुंबई-आग्रा रस्ता जातो आणि पुण्याचा रस्ता फुटतो. पेठचा रस्ता मात्र गोदावरी ओलांडून पंचवटीच्या बाजूने निघतो आणि पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर पेठला पोचतो. या एवढ्या अंतरात आपण तीन वेगवेगळ्या इतिहासांच्या हद्दीपर्यंत जातो. पेठ १८७८ पर्यंत संस्थान होते. त्याच्या उत्तरेचे सुरगाणा १९४८ पर्यंत संस्थान होते. त्यापलीकडचा डांग १९६० पर्यंत आपल्याच मुंबई राज्यातला जिल्हा होता आणि १ मे रोजी तो गुजरातचा झाला. खुद्द नाशिक जिल्ह्यातही पूर्वेच्या सपाटीला ‘देश’ आणि पश्चिमेच्या डोंगरपट्ट्याला ‘डांग’ म्हणण्याची रीत जुनी आहे.

सरहद्दीवरचा असा मुलूख राज्यात येतो तेव्हा त्याची जमीन येते, जंगल येते, माणसे येतात, साऱ्याची बाकीही येते. त्याचा कायदा येतो का? आणि येत नसेल, तर त्या रिकाम्या जागी काय बसवले जाते? या पट्ट्यावर लिहिलेली काही पुस्तके आणि कागद मी हा एकच प्रश्न हाती धरून पुन्हा वाचले. त्यात जे आढळले ते इथे मांडतो.

२

सुरुवात एका शब्दापासून करू. ‘मोगलाई’ या शब्दाचे प्रमाण मराठीत दोन अर्थ आहेत. एक, निजामाचा मुलूख. दुसरा, अंदाधुंदी. ‘ही काय मोगलाई लागून गेली का?’ असे आपण चिडून विचारतो, तेव्हा नियम नसलेला कारभार आपल्या मनात असतो.

डांगात हाच शब्द उलट्या अंगाने येतो. अजय स्कारिया यांचे डांगावरील इंग्रजी पुस्तक ‘हायब्रिड हिस्टरीज’ १९९९ साली प्रसिद्ध झाले. त्यांनी डांगी माणसांकडून ऐकलेल्या ‘गोठी’, म्हणजे आपल्या भाषेत गोष्टी, त्या पुस्तकाच्या केंद्रस्थानी आहेत. या गोठींमध्ये काळाचे दोन भाग पडतात: मोगलाई आणि मांडणी. मोगलाई म्हणजे जेव्हा जंगलात मोकळे फिरता येत होते, शिकार होती, मोह होता, भिल्ल राजे सपाटीवरच्या गावांकडून आपला गिरासहक्क वसूल करत होते आणि न मिळाल्यास धाड घालत होते. मांडणी म्हणजे गोरे आल्यानंतरचा काळ. जमीन मोजली गेली, जंगलाला खुणा पडल्या, कर बसला, नाकेदार आला. ज्या काळाला आपण अंदाधुंदी म्हणतो त्याला ते मोकळीक म्हणतात, आणि ज्याला आपण व्यवस्था म्हणू तिथे त्यांच्या लेखी गमावण्याला सुरुवात होते.

स्कारिया यांचे मोठे काम असे की त्यांनी या गोठींना लोककथा म्हणून बाजूला काढले नाही, इतिहास म्हणून वाचले. इंग्रज अधिकाऱ्यांना गिरासहक्क ही खंडणी वाटली. गोठींमध्ये तो हक्क आहे. सपाटीवरच्या गावांवर भिल्ल राजांचा वाटा होता, आणि तो नाकारणाऱ्यावर धाड घालणे ही त्या वाट्याची अंमलबजावणी होती. म्हणजे सरहद्दीचा हा मुलूख बेकायदा नव्हता. तिथे वेगळा कायदा होता आणि तो कागदावर नव्हता, इतकेच.

तरी या पुस्तकाबद्दल माझी एक तक्रार आहे. मोगलाईच्या मोकळेपणाचा स्वर भिल्ल राजांचा आणि त्यांच्या भाऊबंदांचा आहे. जमीन कसणारा कोकणा शेतकरी त्याच मोगलाईत आपल्या नांगरावरचा कर राजाला देत होता. ज्या बाईला डाकीण ठरवले गेले तिची मोगलाई कशी होती, हाही प्रश्न आहे. स्कारिया हे जाणत नाहीत असे नाही. डाकिणीच्या प्रश्नावर त्यांनी स्वतंत्र निबंध लिहिला आहे. पण वाचक पुस्तक मिटतो तेव्हा त्याच्या मनात उरते ते मोकळ्या जंगलाचे चित्र. जुन्या रूढीला कायद्याचा मान द्यायचा असेल, तर त्या रूढीत कोणाचा आवाज होता आणि कोणाचा नव्हता, हेही त्याच श्वासात विचारावे लागते. हा मुद्दा शेवटी पुन्हा येणार आहे.

३

मांडणी प्रत्यक्षात कशी झाली? इंग्रजांनी १८१८ मध्ये खानदेश घेतला. १८२५ मध्ये जेम्स आउट्रमच्या हाताखाली भिल्ल पलटण उभी राहिली आणि १८३० मध्ये डांगावर स्वारी झाली. १८४२ पासून डांगच्या राजांकडून जंगल पट्ट्याने घेतले गेले. इंग्रजांना सागवान हवे होते. मुलूख जिंकला, पण जंगलाची मालकी करारातून आली, हा तपशील महत्त्वाचा आहे. त्या करारांचा एक अवशेष आजही दिसतो. होळीच्या आधी आहव्याला डांग दरबार भरतो आणि तिथे राजांच्या वंशजांना सालाना दिला जातो. १९७१ मध्ये देशातील मोठमोठ्या संस्थानिकांचे तनखे बंद झाले. डांगच्या राजांचा सालाना चालू राहिला, कारण त्याचे मूळ जंगलाच्या पट्ट्यात होते. मोठे संस्थानिक राजेपणाच्या बळावर जे टिकवू शकले नाहीत, ते डांगच्या लहान राजांकडे एका कराराच्या बळावर टिकले. रक्कम किरकोळ आहे, पण कराराची आठवण किरकोळ नाही.

पेठची गोष्ट वेगळी झाली. १८५७ च्या धामधुमीत तिथल्या भगवंतरावांना फाशी दिले गेले. १८७८ मध्ये बेगमच्या मृत्यूनंतर संस्थान खालसा झाले आणि पेठ नाशिक जिल्ह्यात आले. १८८३ सालच्या नाशिक जिल्ह्याच्या इंग्रजी गॅझेटियरमध्ये पेठ नव्या पोटविभागाच्या रूपाने वाचायला मिळते. तिथे डोंगर, पाऊस, जाती, पिके, सारा असे सगळे आहे. गॅझेटियर वाचताना असे वाटते की मुलूख आता पुरता हाती आला.

कायद्याचे कागद मात्र इतके निश्चिंत नाहीत. १८९४ साली ‘पेइंट लॉज ॲक्ट’ नावाचा स्वतंत्र कायदा झाला. खालसा होऊन सोळा वर्षे झाल्यावर एका पेट्यासाठी वेगळा कायदा करण्याची गरज पडली, यातच अडचण दिसते. त्या काळच्या हिंदुस्थानात ही अडचण पेठपुरती नव्हती. १८७४ चा अनुसूचित जिल्ह्यांचा कायदा तिच्यातूनच आला. त्याच्या प्रस्तावनेचा आशय असा: देशाचे अनेक भाग सर्वसाधारण कायद्यांच्या आणि न्यायालयांच्या कक्षेत कधी आणलेच नाहीत किंवा वेळोवेळी त्यातून काढले गेले, आणि आता तिथे कोणते कायदे चालू आहेत याबद्दल शंका निर्माण झाल्या आहेत. सरकार स्वतःच सांगत होते की आपल्या ताब्यातील कुठल्या भागात आपला कुठला कायदा लागू आहे, याची आपल्याला खात्री नाही. मुंबई इलाख्यातून त्या यादीत सिंध आणि एडनच्या बरोबरीने खानदेशातल्या मेवासी प्रमुखांची गावे होती: काठी, नाल, सिंगपूर, गव्हाळी, चिखली, नवलपूर. आजच्या नंदुरबार जिल्ह्यातली ही सातपुड्यातली गावे एडन बंदरासोबत एका यादीत बसली होती.

पुढे १९३५ चा कायदा आला आणि १९३६ च्या आदेशाने ‘वगळलेली’ आणि ‘अंशतः वगळलेली’ अशी क्षेत्रे ठरली. मुंबई प्रांताच्या अंशतः वगळलेल्या यादीत नाशिक जिल्ह्यातून कळवण तालुका आणि पेठ पेटा आले. ठाण्यातून डहाणू, शहापूर, मोखाडा, उंबरगाव. पश्चिम खानदेशातून नवापूर, नंदुरबार, तळोदे, अक्राणी आणि तीच मेवासी गावे. सुरगाणा या यादीत नाही, कारण ते संस्थान होते. एकाच डोंगररांगेत, एकाच समाजाची, एकमेकांत सोयरीक असलेली माणसे तीन प्रकारच्या कायद्यात राहत होती. पेठचा कोकणा अंशतः वगळलेला, सुरगाण्याचा कोकणा देशमुखांच्या संस्थानातला आणि डांगचा कोकणा पोलिटिकल एजंटच्या अंमलाखालचा.

‘वगळलेले’ या शब्दाचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. कलम ९२ प्रमाणे कायदेमंडळाचा कोणताही कायदा अशा क्षेत्रात आपोआप लागू होत नव्हता. गव्हर्नरने अधिसूचना काढली तरच तो लागू व्हायचा, आणि गव्हर्नर त्यात फेरफारही करू शकत असे. वगळले होते ते कायदेमंडळाला. लोक जिथे होते तिथेच होते, त्यांच्यावरचे जंगल खाते, अबकारी खाते आणि महसूल खातेही तिथेच होते. त्यांचा स्वतःचा कायदा मान्य झाला, असेही नाही. नव्याच्या आणि जुन्याच्या मधली ती जागा होती, आणि त्या जागेत अधिकाऱ्याचा शब्द चालत होता.

४

त्या जागेत काय घडत होते, याची दोन वर्णने उपलब्ध आहेत. एक सरकारी आहे, दुसरे चळवळीतले.

१९३७ मध्ये बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ आल्यावर डी. सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याला अंशतः वगळलेल्या क्षेत्रांतील आदिवासींची स्थिती तपासण्याचे काम दिले गेले. त्याचा अहवाल हा या विषयावरचा फार महत्त्वाचा कागद आहे. सावकारी, वेठ, कर्जापोटी राबणे, मक्तेदार, जंगल खात्याचे खालचे नोकर हे सगळे त्यात आहे. सिमिंग्टनचा स्वर त्रयस्थ आहे, पण निष्कर्ष सौम्य नाहीत. संरक्षणासाठी म्हणून ज्यांना वेगळे ठेवले त्यांना संरक्षण मिळाले नाही, हे तो अहवाल वाचणाऱ्याला कळल्यावाचून राहत नाही.

दुसरे वर्णन गोदावरी परुळेकरांचे. ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक १९७० मध्ये आले आणि १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. डहाणू-उंबरगावच्या वारल्यांचा १९४५ चा लढा त्यात आहे. मराठी वाचक हे पुस्तक एका ध्येयवेड्या स्त्रीची आठवण म्हणून वाचतो आणि ते तसे आहेही. पण ते कायद्याचे पुस्तक म्हणूनही वाचता येते. लेखिका स्वतः कायद्याची पदवीधर. तिला दिसते ते असे की वेठ घेणे कायद्यात कुठेही बसत नाही, तरी घेतली जाते. लग्नाच्या कर्जापायी माणूस जन्मभर राबतो, हेही कुठल्या कायद्यात लिहिलेले नाही. वेठ करू नका, हे सांगणे म्हणजे नवा कायदा मागणे नव्हते. जो कायदा ठाण्यात चालतो तो तलासरीत चालू द्या, एवढीच ती मागणी होती. आणि तेवढ्यासाठी १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला गोळीबार झाला. पाच माणसे मेली. जेठ्या गांगड हे त्यातले नाव या भागात अजून घेतले जाते.

या दोन पुस्तकांना समोरासमोर ठेवले की प्रत्येकाची मर्यादा दिसते. सिमिंग्टनला दुःख दिसते, पण त्यावरचा त्याचा भरवसा चांगल्या अधिकाऱ्यावर आहे. वारली स्वतः काही ठरवू शकेल, हे त्या अहवालाच्या चौकटीत बसत नाही. गोदावरीबाईंना वारली ठरवताना दिसतो, उठताना दिसतो, पण त्यांचे लक्ष जमीनदार, सावकार आणि पोलीस यांच्यावर खिळले आहे. हा मुलूख कायद्याच्या नकाशावर वेगळ्या रंगाचा का आहे, ही चर्चा तिथे मागे पडते. जमीनदार गेल्यानंतरही तो रंग उरणार होता आणि पुढचा सगळा झगडा त्या रंगाभोवतीच व्हायचा होता, हे त्यांच्या पुस्तकातून उमगत नाही.

या दोघांच्या मधे डेव्हिड हार्डिमन यांचे १९८७ चे ‘द कमिंग ऑफ द देवी’ ठेवले पाहिजे. १९२२-२३ मध्ये पालघरच्या किनाऱ्याकडून निघून जंगलपट्ट्यातून दक्षिण गुजरातेत पसरलेल्या देवीच्या चळवळीचा तो अभ्यास आहे. १८७८ च्या अबकारी कायद्याने मोहाची दारू घरी गाळणे गुन्हा ठरला आणि मक्तेदाराचे दुकान आले. देवीने अंगात येऊन सांगितले: दारू सोडा, दुकानदाराकडे कामाला जाऊ नका. गावोगाव माणसे जमली आणि त्यांनी ते पाळले. सरकारी कायद्याने बांधलेली गोष्ट लोकांनी दुसरा एक कायदा करून सोडवली. पोलीस, न्यायालय, छापील कागद यांच्याशिवाय गावे आपला नियम करून पाळू शकत होती, याचा हा पुरावा आहे. मुलूख कायद्याविना होता, असे म्हणणाऱ्याने हे पुस्तक वाचावे.

५

स्वातंत्र्यानंतर प्रश्नाचे रूप पालटले. डांग १९४९ मध्ये मुंबई राज्याचा स्वतंत्र जिल्हा झाला. त्याच वर्षी मुख्यमंत्री खेर आणि मोरारजी देसाई तिथे जाऊन आले आणि डांगाचा कल गुजरातकडे आहे, असे त्यांचे मत पडले. मराठी बाजूने ते मान्य केले नाही. मग दहा वर्षे वाद चालला तो डांगी बोली कोणाची, यावर. गुजरातीची की मराठीची? शब्द मोजले गेले, प्रत्यय तपासले गेले. डांगी ही डांगाची आहे, हे उत्तर कोणत्याच बाजूला सोयीचे नव्हते. १९६० मध्ये डांग गुजरातेत गेला. उंबरगाव तालुकाही फाटला: उंबरगाव, संजाण पलीकडे गेले, तलासरीचा भाग अलीकडे राहिला. गोदावरीबाईंच्या लढ्याचे एकच क्षेत्र दोन राज्यांत वाटले गेले.

संयुक्त महाराष्ट्रावर आपण पुष्कळ लिहिले आहे आणि ते लिहिण्यासारखेच होते. पण त्या साऱ्या लेखनात सरहद्द म्हणजे भाषेची रेघ. बेळगाव, डांग, उंबरगाव या नावांपुढे आपण मराठी माणसांची टक्केवारी मांडतो. त्या रेघेच्या अलीकडे राहिलेल्या पेठ-सुरगाण्याच्या माणसाला कोणता कायदा लागू झाला, हे आपण लिहीत नाही. मला हा आपल्या इतिहासलेखनातला मोठा दोष वाटतो. २०२२ ची मागणी आपल्याला अपमानासारखी वाटली ती यामुळेच. राज्य आपण भाषेने ओळखतो. सीमेवरचा माणूस ते रस्त्याने, दवाखान्याने आणि सातबाऱ्याने ओळखतो.

सरहद्दीचे मुलूख राज्ये कशी होतात, याचे दुसरे टोक अमेरिकेत पाहायला मिळते. ओहायो नदीच्या वायव्येच्या मुलखासाठी १७८७ मध्ये तिथल्या काँग्रेसने एक फर्मान काढले. पाच हजार स्वतंत्र प्रौढ पुरुष झाले की विधिमंडळ, साठ हजार स्वतंत्र रहिवासी झाले की जुन्या राज्यांच्या बरोबरीचे राज्य. या हिशोबाच्या वाटेनेच ओहायो १८०३ मध्ये राज्य झाले. हे सगळे मोजणे आलेल्या वसाहतवाल्यांचे होते. मूळ रहिवाशांची जमीन त्यांच्या संमतीशिवाय घेणार नाही, असे वचन त्याच फर्मानात होते. ते कसे पाळले गेले हे जगाला ठाऊक आहे. तरी वचन कागदावर होते, याला पुढे अर्थ आला. ओक्लाहोमा हे राज्य १९०७ मध्ये ज्या भूमीवर झाले तिथे मूळ रहिवाशांच्या जमातींशी झालेले करार होते. २०२० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मॅकगर्ट खटल्यात सांगितले की क्रीक जमातीचे राखीव क्षेत्र राज्य झाल्यामुळे रद्द झालेले नाही. एकशे तेरा वर्षांनी जुना कायदा राज्याच्या पोटातून वर आला.

आपल्या जवळचे उदाहरण गोव्याचे. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. १९६२ च्या कायद्याने तिथले जुने कायदे बदल होईपर्यंत चालू ठेवले. ३० मे १९८७ ला गोवा राज्य झाले आणि १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता त्याच्याबरोबर राज्यात आली. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती आता भारतीय कायद्याचा भाग असल्याचे स्पष्ट केले. पतिपत्नीच्या मालमत्तेचा प्रश्न गोव्यात आजही त्या संहितेने सुटतो.

ओक्लाहोमा, गोवा आणि पेठ एका ओळीत ठेवून पाहा. ओक्लाहोमात करार लिहिलेले होते. गोव्याकडे छापील संहिता होती आणि ती वाचणारे वकील होते. म्हणून त्यांचा कायदा राज्यात टिकला. डांगकडे पट्टे होते, म्हणून निदान राजांचा सालाना टिकला. पेठ-सुरगाण्याच्या कोकणा, वारली, महादेव कोळी शेतकऱ्याकडे गोठी होत्या. जंगल कोणी किती तोडावे, माळ कोणाचा, पाण्याची पाळी कोणाची, गावदेवाच्या नावाने काय वर्ज्य, हे सगळे तोंडी होते. राज्यात आपला कायदा घेऊन येण्याची परवानगी ज्याच्याकडे कागद आहे त्यालाच मिळाली. हे एका माणसाने ठरवून केले असे नाही. पण झाले ते असे.

६

राज्यघटनेने यावर एक उत्तर दिले. संविधान सभेत आसाम सोडून इतर वगळलेल्या क्षेत्रांचा विचार करणाऱ्या उपसमितीचे अध्यक्ष ठक्कर बाप्पा होते. जयपालसिंग मुंडा तिचे सदस्य होते. त्यातून पाचवी अनुसूची आली. १९३६ च्या यादीतली बरीच नावे १९५० च्या आदेशात पुन्हा दिसतात, कळवण आणि पेठ त्यात आहेत. १९८५ च्या आदेशात पेठ, सुरगाणा, कळवण हे पूर्ण तालुके आहेत आणि इतर काही तालुक्यांतली गावे. राज्यपालाला अधिसूचनेने कायदा वगळण्याचा किंवा बदलण्याचा अधिकार आहे. म्हणजे कलम ९२ चा सांगाडा राहिला, हेतू बदलला. आधी ‘यांना कायदा झेपणार नाही’ असा सूर होता, आता ‘यांची जमीन कायद्याने जाऊ नये’ असा झाला.

हेतू चांगला असला तरी सांगाड्याचा दोष गेला नाही. अधिकार वरच राहिला आणि दशकानुदशके तो फारसा वापरलाच गेला नाही. आदिवासींची जमीन सुटू नये म्हणून जे खरे उपयोगी पडले ते १९७४ चे कायदे: महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतले कलम ३६ अ आणि जमिनी परत देण्याचा कायदा. ते विधिमंडळाने केले आणि सगळ्या राज्याला लागू केले, फक्त अनुसूचित क्षेत्राला नाही.

१९९६ चा पेसा कायदा हा या इतिहासातला खरा वळणबिंदू आहे. त्यात प्रथमच असे म्हटले गेले की अनुसूचित क्षेत्रात राज्याने करायचा पंचायतींचा कायदा तिथल्या रूढ कायद्याशी, सामाजिक आणि धार्मिक प्रथांशी, सामूहिक साधनसंपत्तीच्या पारंपरिक व्यवस्थापनाशी सुसंगत असला पाहिजे, आणि ग्रामसभा या गोष्टी जपायला सक्षम आहे. १८७४ मध्ये सरकारला आपला कोणता कायदा तिथे चालतो याची शंका होती. १९९६ मध्ये त्याने मान्य केले की त्यांचाही कायदा आहे. दहा वर्षांनी वनहक्क कायद्याच्या प्रस्तावनेने ऐतिहासिक अन्यायाची कबुली दिली. महाराष्ट्राचे पेसा नियम मात्र २०१४ मध्ये आले. वनहक्काच्या दाव्यावर जिल्हा समितीचा शब्द अखेरचा होता, त्याविरुद्ध अपिलाची सोय राज्यपालांच्या अधिसूचनेने २०२० मध्ये झाली. त्याआधी, मार्च २०१८ मध्ये, नाशिकहून निघून सुमारे एकशे ऐंशी किलोमीटर चालत हजारो शेतकरी मुंबईला गेले. सुरगाणा, पेठ, कळवण, दिंडोरीची माणसे त्यात मोठ्या संख्येने होती. त्यांची मुख्य मागणी कसत असलेल्या वनजमिनीची होती. शहरातल्या छायाचित्रांत त्यांचे फाटलेले तळवे आले. ते सत्तर-ऐंशी वर्षांच्या कायद्याच्या फरकावर चालत होते, हे छायाचित्रात येण्यासारखे नव्हते.

पुढची कसोटी पाण्याची आहे. पार-तापी-नर्मदा जोड प्रकल्पातले झरी धरण नाशिक जिल्ह्यात आणि बाकीची धरणे गुजरातच्या डोंगरपट्ट्यात, त्यातली काही डांगात, आखली गेली. २०२२ मध्ये डांग-धरमपूरच्या लोकांच्या विरोधानंतर गुजरात सरकारने प्रकल्प सोडल्याचे जाहीर केले. असा प्रकल्प पुन्हा कधी पुढे आला तर भूसंपादनापूर्वी सल्लामसलत सीमेच्या दोन्ही बाजूंच्या ग्रामसभांशी करावी लागेल. त्या वेळी ग्रामसभा काय दाखवणार? इथे मी वर सोडलेला मुद्दा परत येतो. ग्रामसभेला आपली रूढी जपायची असेल तर ती आता लिहावी लागेल, कारण समोरच्याला कागद कळतो. ती लिहिणार कोण? तलाठ्याच्या प्रमाण मराठीत लिहिली तर ‘मोगलाई’चा अर्थ अंदाधुंदी असाच उतरेल. गावातल्या चार म्हाताऱ्या पुरुषांनी सांगितली तर डाकीण ठरलेल्या बाईचा काळ पुन्हा कायद्यात येईल. रूढी कोणीतरी गोळा करून संग्रहात ठेवण्याने हे साधणार नाही. ग्रामसभेत, बायकांसह, त्यांच्या बोलीत, वाद घालत, काय ठेवायचे आणि काय टाकायचे हे ठरवून ती लिहावी लागेल. देवीच्या चळवळीत गावांनी हेच केले होते, फक्त तेव्हा कोणी लिहून घेतले नाही.

मी कायद्याचा विद्यार्थी कधी नव्हतो. अधिसूचना वाचायला शिकलो तो याद्यांतल्या ओळखीच्या गावांच्या नावांमुळे. त्यामुळे या लेखातून मी कायद्याच्या जाणकारांना काही शिकवू इच्छित नाही. मराठीत इतिहास लिहिणाऱ्यांना एक विनंती मात्र करतो. नाशिकचा इतिहास आपण गोदावरीच्या घाटांपासून लिहितो, द्वारकेवरून जाणाऱ्या रस्त्यांच्या आणि बाजारपेठांच्या अंगाने लिहितो. पेठला १८७८ नंतर कोणता कायदा लागला, १९३६ मध्ये तो का बदलला, सुरगाणा १९४८ मध्ये काय घेऊन नाशिक जिल्ह्यात आले, हे तालुक्यागणिक कोणी तरी लिहून काढले पाहिजे. त्याच वेळी पेठ-सुरगाण्यात जाऊन, अजून सांगणारी माणसे आहेत तोवर, मांडणीच्या आधीची गोठ त्यांच्याच शब्दांत ऐकून ठेवली पाहिजे. हे झाले तर पुढच्या वेळी एखादे सीमेवरचे गाव ‘आम्हाला दुसऱ्या राज्यात घ्या’ म्हणेल, तेव्हा आपण रागावण्याआधी त्याचा सातबारा पाहू.